रिव्हर्ट लिहिलं आणि माझंच काम काढून टाकलं... इंग्रजीत समोरच्याला समजेल असं कसं लिहायचं?

खामल्याची_पोर | शनिवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मोठं लिहून राहिली, पण सगळं सांगितल्याशिवाय समजणार नाही.

मी फावल्या वेळात एका ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरच्या कामात मदत करते. त्यातून मराठी मजकुराची पीडीएफ काढली की ऱ्य आणि ऱ्ह बिघडायचे. "दुसऱ्या" लिहिलं की "दुसर्या" छापून यायचं, तो अर्धा र रेफ होऊन वर चढायचा. तीन आठवडे रोज रात्री जेवणं आटोपल्यावर बसून मी ते दुरुस्त केलं आणि तिथल्या मेन्टेनरने, म्हणजे ते सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्याने, ते घेतलंही. मग त्यांनी दुसराच एक बदल केला, आणि मला फक्त एवढं विचारायचं होतं की याने माझ्या कामाला धक्का तर लागत नाही ना. तर मी लिहिलं ते जसंच्या तसं देते:

"रिस्पेक्टेड सर, आय हॅव अ डाउट इन युवर लास्ट चेंज. आय ॲम फेसिंग सम इश्यू सिन्स थ्री डेज. प्लीज सी माय चेंज ऑल्सो. काइंडली चेक अँड रिव्हर्ट ॲट द अर्लीएस्ट."

सकाळी उठून बघते तर माझा बदल काढून टाकलेला. खाली एक ओळ, तुमच्या विनंतीप्रमाणे रिव्हर्ट केलं, आणि आमच्या कामात तुम्हाला काय चुकीचं वाटलं ते सांगा.

गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवायच्या टूलमध्ये, रिव्हर्ट ही कमांडच आहे, झालेला बदल मागे घ्यायची. मी स्वतः वापरते. पण ऑफिसच्या मेलमध्ये रिव्हर्ट म्हणजे उत्तर द्या, तेच रोज लिहायची सवय, हात आपोआप तसाच चालला. त्या माणसाची काहीच चूक नाही, मी जे लिहिलं तेच त्याने केलं.

मी मराठी मिडियमची. इंग्रजी वाचते, समजते, कोड लिहिते, पण परक्या माणसाला चार ओळी लिहायच्या म्हटलं की अर्धा तास जातो आणि तरी असं होतं. ज्यांना रोज बाहेरच्या लोकांना लिहावं लागतं त्यांनी सांगा, तुम्ही काय करता? व्याकरणाचं पुस्तक वाचा असं नका सांगू, ते झालंय दोनदा.

तर्रीपोहे | शनिवार, रात्री ११:०५

ताई वाचून खरंच वाईट वाटलं. तीन आठवडे म्हणजे थोडे नाहीत.

डाउट वरून माझंही एकदा असंच झालं होतं. मी सपोर्टमध्ये आहे, बाहेरच्या एका कस्टमरला लिहिलं की मला तुमच्या इनव्हॉइसबद्दल डाउट आहे. म्हणजे मला एक आकडा समजला नव्हता एवढंच. त्या बाईंनी सरळ माझ्या मॅनेजरला फोन लावला की तुमचा माणूस आमच्यावर खोट्या बिलाचा आरोप करतोय का. मला दोन दिवस कळेना की मी असं काय लिहिलं.

नंतर माझ्या लक्षात आलं ते असं. आपण "शंका विचारतो" आणि "शंका घेतो" पण. शाळेत सर म्हणायचे कोणाला काही शंका, ती विचारायची शंका. एखाद्यावर शंका घेणं वेगळं, त्यात अविश्वास आला. मराठीत शब्द एकच आहे पण क्रियापद बदललं की अर्थ बदलतो. इंग्रजीतला डाउट तिकडच्या माणसाला बहुतेक वेळा घ्यायचीच शंका वाटतो. विचारायची असेल तर "क्वेश्चन". तेव्हापासून मी डाउट हा शब्द मेलमध्ये वापरणंच बंद केलं.

जुना_फळा | रविवार, सकाळी ७:१५

मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये इंग्रजी शिकवलं, शेवटची शाळा काटोल तालुक्यात. या मुलीचा मेसेज वाचला आणि मला त्यात आमचाच फळा दिसला.

पूर्वी मराठी शाळेत पाचवीपासून इंग्रजी होतं, २००० पासून ते पहिलीपासून झालं. पण इंग्रजीत लिहायचं म्हणजे काय, तर आम्ही शिकवला तो अर्ज. रजेचा अर्ज, दाखल्यासाठी अर्ज, फी माफीचा अर्ज. अर्ज नेहमी वर लिहिला जातो, साहेबाला. त्यात आधी आदर, मग संदर्भ, मग परिस्थिती, आणि मागणं अगदी शेवटी, तेही आडून, "काइंडली डू द नीडफुल". मराठीतसुद्धा आपण "वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज सादर करतो की" असं लिहितो ना, तोच साचा. सरकारी ऑफिसात तो चालतो कारण तिथल्या साहेबाला माहीत असतं की शेवटच्या ओळीत बघायचं.

जो माणूस तुझ्यासारखाच फावल्या वेळात काम करतो, रात्री मुलं झोपल्यावर वीस मेसेज उघडतो, तो तुझा साहेब नाही. त्याला तुझा आदर पहिल्या ओळीत नको आहे, त्याला पहिल्या ओळीत हवं आहे की या बाईला माझ्याकडून काय पाहिजे. त्याचा वेळ वाचवलास की आदर त्यातच आला.

एक करून बघ. मेसेज लिहून झाला की पहिल्या दोन ओळी सोडून बाकी सगळं हाताने झाक. तेवढ्या दोन ओळी वाचून परक्या माणसाला काय करायचं ते समजतं का बघ. तुझ्या मेसेजच्या पहिल्या दोन ओळींत काय आहे? आदर, शंका आणि तीन दिवसांचा त्रास. प्रश्न कुठेच नाही. चारही ओळींत प्रश्नचिन्ह नाही बेटा.

खामल्याची_पोर | रविवार, सकाळी ९:३०

सर, खरंच नाहीये प्रश्नचिन्ह. मी चारदा वाचलं होतं पाठवायच्या आधी, स्पेलिंग तपासली, आणि हे दिसलं नाही.

झिरोमाईल | रविवार, सकाळी ११:२०

मी एक सांगतो जे मला कोणत्याच क्लासमध्ये नाही मिळालं, स्वतःच सुचलं. आपल्या लोकांच्या इंग्रजीत आयएनजी फार. आय ॲम हॅविंग, आय ॲम नीडिंग, वी आर युझिंग धिस सॉफ्टवेअर डेली. वाचणाऱ्याला कळत नाही की हे आत्ता चालू आहे का नेहमीचं आहे, आणि बग सांगताना तर तोच फरक महत्त्वाचा असतो, प्रोग्राम नेहमी बंद पडतो का आत्ता बंद पडून राहिला.

आता बघा, पुण्याच्या माणसाला "मी जातो" आणि "मी जातोय" यात फरक करायला नीट कान द्यावा लागतो. आपल्याला नाही! आपल्याकडे "करतो" वेगळं आणि "करून राहिलो" वेगळं, लहानपणापासून. "मी रोज बर्डीवरून जातो" म्हणजे आय गो. "मी आत्ता बर्डीवरून जाऊन राहिलो" म्हणजे आय ॲम गोइंग. लोक आपल्या "राहिलो" ला नावं ठेवतात, पण इंग्रजी लिहिताना मला तेच कामी येतं. वाक्य मनात नागपुरीत म्हणून बघायचं. "राहिलो" शोभलं तर आयएनजी लावायचं, नाही शोभलं तर नाही. "माझ्याकडे गाडी असून राहिली" कोणी म्हणेल का? नाही. म्हणून आय ॲम हॅविंग कार नाही, आय हॅव अ कार.

खामल्याची_पोर | रविवार, दुपारी १२:१०

हे फारच भारी आहे. लगेच माझ्या जुन्या मेसेजेसवर लावून बघितलं, बारापैकी दहा ठिकाणी बरोबर निघालं. पण एक अडलं. "मला हे समजून नाही राहिलं" असं आपण सर्रास म्हणतो ना? मग आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग बरोबर झालं का? माझ्या मेसेजमध्ये हेच दोनदा आहे.

जुना_फळा | रविवार, दुपारी १:००

चांगलं पकडलंस. झिरोमाईल यांची युक्ती मला शिकवत असताना सुचली असती तर किती बरं झालं असतं, पण ही तिची हद्द. मनात घडणाऱ्या गोष्टी, समजणं, माहीत असणं, आवडणं, हवं असणं, आठवणं, यांना नागपुरी "राहिलं" घेते पण इंग्रजी सहसा आयएनजी घेत नाही. आय डोन्ट अंडरस्टँड, आय नो, आय वॉन्ट. हातापायाने करायच्या कामाला युक्ती लावा, मनाच्या कामाला लावू नका.

"सिन्स थ्री डेज" पण तिथलंच. मराठीत "पासून" एकच, सोमवारपासून आणि तीन दिवसांपासून. इंग्रजीने ते दोन केले. कॅलेंडरवर जिथे बोट ठेवता येतं तिथे सिन्स, सिन्स मंडे. जिथे मोजावं लागतं तिथे फॉर, फॉर थ्री डेज. आणि आपला "च". "कालच पाठवलं" याचं आपण "आय सेंट इट यस्टरडे ओन्ली" करतो. परक्याला ते "फक्त काल" असं वाटतं, मग तो विचार करतो परवाचं काय झालं. च सोडून द्यायचा, "आय सेंट इट यस्टरडे" पुरे. आज सकाळी म्हणजे "धिस मॉर्निंग", काल रात्री म्हणजे "लास्ट नाइट".

अ आणि द साठी मुलं फार घाबरतात. बाजारात एक माणूस भेटला, तो माणूस म्हणाला. पहिल्यांदा सांगताना "एक" तिथे अ, वाचणाऱ्याला कोणता ते माहीत झालं की "तो" तिथे द. एवढं धरून चाला. हे चुकलं तर वाक्य खडबडीत वाटतं, पण बहुतेक वेळा अर्थ बदलत नाही. डाउट आणि रिव्हर्ट चुकलं तर काम बुडतं. ज्याने काम बुडतं ते आधी सुधारा.

रनवे_बत्तीस | रविवार, दुपारी ४:४५

मी मिहानमध्ये विमानांच्या मेन्टेनन्समध्ये आहे. तुमचा विषय आमच्या रोजच्या कामाचा आहे म्हणून लिहितो.

विमानाची मॅन्युअल इंग्रजीत असतात, आणि ती वाचून नटबोल्ट फिरवणारे जगभरचे मेकॅनिक, बहुतेकांची मातृभाषा इंग्रजी नाही. म्हणून १९८० च्या दशकात युरोपातल्या एअरलाइन्सच्या मागणीवरून मॅन्युअलसाठी एक सोपी ठरवलेली इंग्रजी तयार झाली, तिला आता सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश म्हणतात. तिच्या कोशात साधारण ९०० शब्द मंजूर आहेत, त्याशिवाय पार्ट्सची आणि तांत्रिक नावं वेगळी. एका शब्दाला एकच अर्थ. क्लोज म्हणजे बंद करा, "जवळ" या अर्थाने क्लोज लिहायचं नाही, तिथे निअर. फॉलो म्हणजे नंतर येणं, सूचना पाळायला ओबे. काम सांगणारं वाक्य २० शब्दांच्या आत, आणि एका वाक्यात एकच काम. तीन नामांपेक्षा जास्त नामं एकापुढे एक रचायची नाहीत.

नोकरीला लागलो तेव्हा मला ही भाषा बालवाडीची वाटली. मग रात्रपाळीला, चार वाजता, डोळे जड झालेले असताना एक पान वाचलं आणि एकदाही मागे जाऊन वाचावं लागलं नाही. तेव्हा कळलं ही कोणासाठी लिहिलीय.

आणि याचं महत्त्व काय ते टेनेरिफ या स्पेनच्या बेटावरच्या विमान अपघातावरून कळतं. २७ मार्च १९७७, धावपट्टीवर धुकं, दोन जम्बो जेट एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. कारणं अनेक होती, पण त्यातलं एक असं की डच विमानातून रेडिओवर सांगितलं गेलं "वी आर नाऊ ॲट टेकऑफ". त्यांचं विमान धावायला लागलं होतं. टॉवरला वाटलं उड्डाणाच्या जागी उभे आहेत. त्यानंतर नियम झाला की टेकऑफ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, बाकी सगळीकडे डिपार्चर म्हणायचं. डचांचं इंग्रजी काही वाईट नसतं हो. शब्द दोन्ही बाजूंना ओळखीचा होता, दोघांनी अर्थ वेगळा घेतला. ताईंच्या रिव्हर्टचं तेच झालं.

फुटाळाकाठ | रविवार, संध्याकाळी ६:३०

सगळं वाचलं. पण मला एक बोचतं ते बोलतो, राग मानू नका. दरवेळी आपणच का बदलायचं? प्रीपोन, म्हणजे ठरलेलं अलीकडे आणणं, आपला शब्द, आज ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत आहे. भारतात इंग्रजी लिहिणारे एवढे लोक, मग आपलं इंग्रजी हे पण एक इंग्रजीच झालं ना. अमेरिकेतला माणूस बेसबॉलचे वाक्प्रचार टाकून लिहितो तेव्हा त्याला कोणी सांगत नाही की बाबा नागपूरच्या माणसाला समजेल असं लिही.

जुना_फळा | रविवार, संध्याकाळी ७:१०

राग कशाला, तुमचं बरोबर आहे. नीडफुल हे चुकीचं इंग्रजी आहे असं मी म्हणणारच नाही, ते आपल्याकडे चालतं आणि समजतं. नागपूरच्या ऑफिसातून भोपाळच्या ऑफिसात लिहिताना खुशाल लिहा.

आणि बेसबॉलवाल्यालाही सांगायला पाहिजे, जरूर सांगा. पण इथे मागणं कोणाचं होतं? या मुलीचं. ज्याला काहीतरी हवं असतं त्याने समोरच्याच्या दारापर्यंत जावं लागतं, हे मराठीतही तसंच आहे. मी चंद्रपूरकडच्या पाहुण्यांशी बोलताना बोलतो तसं कोकणातल्या व्याह्यांशी बोलत नाही.

हिशेबनीस | रविवार, रात्री ९:२०

मी घरूनच दोन अमेरिकन क्लायंटचे हिशेब लिहितो, सहा वर्षं झाली. व्याकरणावरून मला कोणी कधी काही बोललं नाही. भांडणं झाली ती या गोष्टींवरून.

पहिली "वी". मराठीत "आम्ही" आणि "आपण" वेगळे आहेत, तुम्ही धरून की तुम्हाला सोडून ते लगेच कळतं. इंग्रजीत दोन्हीला वी. मी लिहिलं "वी विल चेक द बँक स्टेटमेंट", माझ्या मनात "आम्ही". त्याने वाचलं "आपण", म्हणून तो बिचारा मीटिंगची वाट बघत बसला आणि मी तिकडे एकटाच तपासून मोकळा. आता मी सरळ लिहितो, आय विल चेक, यू सेंड. कोण करणार ते नावानिशी.

दुसरं, हो. त्याने विचारलं "यू डिडन्ट गेट द फाइल?" मी लिहिलं "येस". आपल्या हिशेबाने बरोबर, "फाइल नाही मिळाली ना?" "हो, नाही मिळाली." त्याला वाटलं मिळाली. चार दिवस दोघंही स्वस्थ. नकारार्थी प्रश्नाला नुसतं येस किंवा नो कधीच लिहू नका, पूर्ण वाक्य लिहा, "आय डिड नॉट गेट द फाइल".

तारीख. ०४/०५ म्हणजे आपली ४ मे, त्यांचा ५ एप्रिल. महिना अक्षरात लिहा. रकमेत १,५०,००० लिहिलं तर स्वल्पविराम चुकलाय की शून्य कमी आहे असं त्यांना वाटतं, १५०,००० असं लिहायचं. आणि वेळ सांगताना त्यांची वेळ आणि आपली वेळ दोन्ही, कारण त्यांची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात, आपली जागची हलत नाहीत. "टुमॉरो" तर मी लिहीतच नाही. माझा उद्या उजाडतो तेव्हा त्यांची आजची संध्याकाळच असते.

बजाजनगरवाला | रविवार, रात्री १०:०५

मी फायनल इयरला आहे. एक प्रामाणिक प्रश्न, आता एवढं सगळं कशाला, मराठीत लिहून एआय टूलला द्यायचं, तो मस्त इंग्रजी करून देतो. आमच्या बॅचमधले सगळे तेच करतात.

झिरोमाईल | रविवार, रात्री १०:३०

मी पण वापरतो रे, वाईट काही नाही. पण एकदा काय झालं ते ऐक. मी मराठीत लिहिलं होतं "हे आम्ही मागच्या वेळी सांगितलं होतं, बहुतेक राहून गेलं असेल". त्याचं जे इंग्रजी आलं ते एकदम गुळगुळीत, पण त्यातून "बहुतेक राहून गेलं असेल" हेच गायब. उरलं काय, तर "आधीच कळवल्याप्रमाणे". माझं वाक्य समोरच्याला सांभाळून घेणारं होतं, त्याचं वाक्य वकिलाच्या नोटिशीसारखं. मी बघितलं म्हणून थांबलं, तसंच पाठवलं असतं तर?

म्हणजे तुला एवढं इंग्रजी यायलाच पाहिजे की आलेलं वाक्य परत मराठीत म्हणून बघता येईल. मी तेच करतो, इंग्रजी वाचायचं आणि मनात मराठी करायचं, आपण म्हटलं ते आणि हे एकच आहे का. रिव्हर्ट सारखा शब्द त्याने तसाच ठेवला तर पकडणार कोण? आणि छोटी वाक्यं मराठीतच लिहून दे, लांबलचक दिलं तर तोच कुठेतरी जोडून टाकतो.

खामल्याची_पोर | रविवार, रात्री ११:५०

सगळं वाचून परत लिहायला बसले. टूल वापरलं नाही. हे बघा आणि बिनधास्त सांगा:

"हॅलो. सॉरी फॉर माय बॅड इंग्लिश. आय रोट 'रिव्हर्ट' बट आय मेंट 'रिप्लाय'. प्लीज पुट माय चेंज बॅक. आय ऑल्सो हॅव अ क्वेश्चन. यू मूव्ह्ड द फॉन्ट कोड टू अ न्यू फाइल ऑन मंडे. डज माय फिक्स स्टिल वर्क आफ्टर दॅट? ऑन माय कॉम्प्युटर मराठी इज नॉट कमिंग प्रॉपर्ली."

जुना_फळा | सोमवार, सकाळी ६:५०

फार छान. दोन प्रश्नचिन्हं नाहीत पण एक आहे आणि ते योग्य जागी आहे.

"सॉरी फॉर माय बॅड इंग्लिश" काढून टाक. एक तर ते खरं नाही, आणि वाचणाऱ्याला आधीच सांगून ठेवलं की पुढचं समजणार नाही, तर तो तशाच नजरेने वाचतो. शिवाय पहिल्या दोन ओळींतली अर्धी जागा त्याने खाल्ली. "प्लीज पुट माय चेंज बॅक" हॅलोच्या लगेच खाली आण.

रनवे_बत्तीस | सोमवार, सकाळी ८:१५

शेवटचं वाक्य माझ्याकडे द्या. "नॉट कमिंग प्रॉपर्ली" म्हणजे "नीट नाही येऊन राहिलं". त्या माणसाला मराठी वाचता येत नाही, नीट म्हणजे कसं हे त्याला कसं दिसणार? आमच्याकडे कोणी लॉगमध्ये "इंजिन बरोबर नाही" असं लिहिलं तर त्यावर कोणीच काही करू शकत नाही. काय केलं, काय दिसायला पाहिजे होतं, काय दिसलं, हे तीन लिहा. आणि असा शब्द द्या जिथे चूक झाली की अर्थच बदलतो, म्हणजे ही नुसती दिसण्याची बाब नाही हे त्याला पटेल.

हिशेबनीस | सोमवार, सकाळी ८:४०

"ऑन मंडे" ऐवजी तारीख, महिना अक्षरात. बाकी उत्तम.

तर्रीपोहे | सोमवार, सकाळी ९:००

ताई, लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची पहिली घोषणा वेळ मिळाला तर शोधून वाचा, २५ ऑगस्ट १९९१ ची. लिहिणारा फिनलंडमधला विद्यार्थी, घरची भाषा स्वीडिश. छोटीशीच आहे. काय बनवतोय, आतापर्यंत काय चालतं, काय चालत नाही आणि बहुधा कधीच चालणार नाही, आणि लोकांकडून काय हवंय. भारी शब्द शोधून सापडणार नाही. मी माझ्या टीममध्ये नव्या पोरांना तीच दाखवतो.

खामल्याची_पोर | सोमवार, रात्री ९:१५

पाठवलं. असं:

"हॅलो. प्लीज पुट माय चेंज बॅक. आय रोट 'रिव्हर्ट', बट आय मेंट 'रिप्लाय'. आय ऑल्सो हॅव अ क्वेश्चन. यू मूव्ह्ड द फॉन्ट कोड टू अ न्यू फाइल. डज माय फिक्स स्टिल वर्क आफ्टर दॅट? टू टेस्ट, टाइप 'दऱ्या' अँड एक्सपोर्ट टू पीडीएफ. द पीडीएफ शुड शो 'दऱ्या'. इट मीन्स व्हॅलीज. आय सी 'दर्या'. इट मीन्स सी."

तारीख वेगळ्या ओळीत दिली, महिना अक्षरात. लिहायला पंचवीस मिनिटं लागली, त्यातली वीस शब्द शोधण्यात. "दऱ्या" आणि "दर्या" हे सुचल्यावर बाकीचं पटापट झालं.

खामल्याची_पोर | मंगळवार, सकाळी ७:४०

उत्तर आलं!! माझा बदल परत घातलाय. माझ्या प्रश्नाचं उत्तर असं की नाही, त्यांच्या बदलानंतर माझी दुरुस्ती चालत नव्हती, आणि दऱ्या टाइप करून त्यांना ते दोन मिनिटांत दिसलं. ते पण दुरुस्त केलं त्यांनी. ते म्हणाले की हे दोन वेगळे शब्द आहेत हे त्यांना माहीतच नव्हतं, त्यांना वाटायचं एकाच शब्दाचं दोन प्रकारे लिहिणं आहे.

आता त्यांनी अजून शब्द मागितलेत, टेस्टमध्ये कायमचे घालायला, म्हणजे पुढे कोणी काही बदललं आणि ऱ्य मोडला तर लगेच कळेल. अर्थ बदलणारे शब्द हवेत, आणि ऱ्ह चे पण. प्रत्येकासमोर इंग्रजीत चार शब्दांत अर्थ. द्या पटापट.

जुना_फळा | मंगळवार, सकाळी ८:०५

"आचार्यास" आणि "आचाऱ्यास". पहिला टू द टीचर, दुसरा टू द कुक. शाळेत हेच उदाहरण द्यायचो.

झिरोमाईल | मंगळवार, सकाळी ८:२०

ऱ्ह साठी तऱ्हा, गऱ्हाणं, ऱ्हास. ऱ्हास नक्की घाल, त्यात ते अक्षर शब्दाच्या सुरुवातीलाच आहे, तिथे वेगळं बिघडू शकतं.

फुटाळाकाठ | मंगळवार, सकाळी ८:३०

वऱ्हाड घाल ताई. आणि त्याचे दोन्ही अर्थ लिही, लग्नाला जाणारी मंडळी, आणि आपल्या शेजारचा मुलूख.

खामल्याची_पोर | मंगळवार, सकाळी ८:३५

घातला. "वेडिंग पार्टी. ऑल्सो, अ रीजन इन ईस्टर्न महाराष्ट्र." बरोबर आहे ना सर?

जुना_फळा | मंगळवार, सकाळी ८:४०

बरोबर. रीजनच्या आधीचा अ पण बरोबर.